होहे टाउर्न (ऑस्ट्रियातला आल्प्सचा डोंगरभाग): आई-बाबांना घेऊन दोन दिवस, ३०० युरोत काय बघावं?

म्युनिककर_७: सप्टेंबरचा पहिला आठवडा, भाड्याची गाडी. राहणं, खाणं, टोल सगळं धरून ३०० युरो. आईचे गुडघे दुखतात. बाबांना प्राणी बघायचेत. ग्लॉकनरचा घाटरस्ता की क्रिमलचा धबधबा?

घाटवेडा: ग्लॉकनर, डोळे मिटून. ४८ किमी, ३६ वळणं, हॉखटोर खिंड २५०४ मीटरवर. सकाळी लवकर चढा, दुपारी ढग शिखर झाकतात. उतरताना ब्रेक दाबून धरू नका, दुसऱ्या गिअरमध्ये उतरा. जळका वास आला की पेडल मऊ पडायच्या आत बाजूला थांबा. चाकांवर पाणी ओतू नका, डिस्क वाकते.

गिधाडप्रेमी: आधी ८×४२ची दुर्बीण घ्या. माझी ६०० युरोंची, पण काय चित्र दिसतं! ग्लॉकनर रस्त्यावरच्या कैसर-फ्रान्झ-योसेफ्स-ह्योहेला (२३६९ मी.) आयबेक्स, म्हणजे डोंगरी रानबकरे, दिसतात. रंग दगडाचाच, त्यामुळे अंग शोधू नका, कड्याच्या रेषेवर शिंगं शोधा. शिट्टी ऐकू आली तर तो मारमॉट, खारीच्या कुळातला गुबगुबीत प्राणी. त्याला बिस्किटं घालू नका.

घाटवेडा: ३०० युरोत ६००ची दुर्बीण? वा!

गिधाडप्रेमी: उधार घ्या मग. दाढीवालं गिधाड हवं तर राउरिसजवळचं क्रुमल खोरं. १९८६पासून तिथे पिल्लं सोडून ही जात परत आणली. पण चालावं लागतं.

झुरिचची_सून: त्यापेक्षा स्वित्झर्लंडला या. तिकडे सगळीकडे रेल्वे वर नेते.

हिशोबी: ३०० युरोत स्वित्झर्लंड? असो. कुफश्टाइन-स्यूडला हायवे सोडून किट्झब्युल, पास थुर्नमार्गे मिटरसिल गाठा, विन्येट (हायवेचं टोल-स्टिकर) लागत नाही.

झुरिचची_सून: ऑस्ट्रियात हायवेला विन्येट लागतंच.

हिशोबी: सीमेपासून कुफश्टाइन-स्यूडपर्यंत डिसेंबर २०१९पासून सूट आहे. त्यापुढे हायवेवर राहिलात तर लागेल.

रानफूल: दर १००० मीटरला साधारण ६ अंश कमी होतात. तळ्याकाठचं त्सेल आम झे गाव ७५७ मीटरवर, म्हणजे फ्रान्झ-योसेफ्स-ह्योहेला दहाएक अंश गार, वर वारा. आईंना कानटोपी द्या. चढताना झाडं बघा: खाली स्प्रूस, मग लार्च, मग झिर्बे पाइन. त्याची ओळख सोपी, एका झुपक्यात पाच सुया. नटक्रॅकर पक्षी त्याच्या बिया पुरून ठेवतो, विसरलेल्या उगवतात. मग नुसतं गवत नि दगडफूल.

मावळा_ग्रात्झ: ग्लॉकनरला टोल आहे, कुणी सांगितलं का? गाडीला ४० युरोच्या वर.

पाणवठा: धबधब्याबद्दल कुणी बोलेना! क्रिमल ३८० मीटर, तीन टप्पे: १४०, १००, १४०. पूर्ण वाट ४ किमी, सगळी चढाची, ती गुडघ्यांना नको. खालच्या टप्प्याशी थोड्या चालीत पोहोचता. पाणी हिमनदीचं, बर्फ उन्हात वितळतो, म्हणून दुपारनंतर जोर वाढतो. तुषारांनी कठडे निसरडे होतात, चपला नकोत.

म्युनिककर_७: धन्यवाद. घरी मतदान झालं. पहिल्या दिवशी क्रिमल, फक्त खालचा टप्पा. दुसऱ्या दिवशी आई म्हणते, त्सेलच्या तळ्याकाठी नुसतं बसायचं. ग्लॉकनर बारगळला. दुर्बीण मिळाली, बाबा तळ्यातली बदकं बघतील.

घाटवेडा: बदकं?!