अख्ख्या कळपाला जंताचं औषध पाजायचं बंद करा, पापणी बघून पाजा

माणदेशी_मेंढका:
मिरग निघाला की आमच्याकडं सगळ्या कळपाला एकदम जंताचं औषध पाजायचं, लहान-थोर सगळी, आणि वर्षानुवर्षं तीच अल्बेंडाझोलची बाटली. माझं म्हणणं हे बंद करा. मेंढी उजेडाकडं तोंड करून धरायची, वरची पापणी एका अंगठ्यानं दाबून दुसऱ्यानं खालची ओढली की तिची आतली बाजू वर येते, लालबुंद असेल तर सोडून द्यायची, फिकी पांढरी असेल नायतर जबड्याखाली पाणी उतरलं असेल तर पाजायचं. दक्षिण आफ्रिकेत याचा १ (लालबुंद) ते ५ (पांढरा) नंबरचा रंगांचा तक्ताच काढलाय. खरा वैरी तो पोटातला रक्त पिणारा जंत, हिमाँकस, एकेक मादी दिवसाला ५ ते १० हजार अंडी टाकते. पण बहुतेक जंत थोड्याच जनावरांत असतात. सगळ्यांना पाजलं की औषधाला न जुमानणारे तेवढे मागं उरतात आणि पुढची पैदास त्यांचीच.

वाड्यावरचा:
बोलायला सोपंय दादा. वाडा आज इथं उद्या तिथं, वरनं पाऊस, खाली चिखल, त्यात एकेकीच्या पापण्या कोण उघडत बसणार? आणि कोकरात रक्त असतंय किती, पांढरं पडेस्तोवर थांबलं तर ते गेलंच की. वर तळ्याकाठच्या चपट्या जंताचं काय? ओ, आमची मेंढरं रोज नवं रान खातात, तुमच्या बंदिस्त शेडचा हिशोब आम्हाला लावू नका.

माणदेशी_मेंढका:
कोकरांना आणि व्यायला टेकलेल्यांना सूट द्याच, ३ नंबरलाच पाजा. विण्याच्या आगंमागं मेंढीची ताकद उतरते, लेंडीत अंडी वाढतात आणि त्यातनं निघालेल्या अळ्या गवतावरनं कोकराच्या तोंडात जातात. चपट्याचं मान्य, त्याला औषधच वेगळं. पण सगळ्यांना पाजून लगेच नव्या रानात नेणं सगळ्यात वाईट, तिथं फक्त औषधातनं वाचलेल्या जंतांचीच अंडी पडतात.

बाभूळवन:
औषधच कशाला मी म्हणतो, बाभळीच्या शेंगा आणि मूठभर पेंड चालू करा, अंगात ताकद असली की जंत आपोआप पडतात.

लेंडी_तपासा:
आपोआप नाही हो पडत. पेंडीतल्या प्रोटीननं मेंढी टिकाव धरते हे खरं, शेंगांतल्या तुरटपणानं अंडी थोडी कमी होतात हेही खरं, पण सूज आलेली मेंढी शेंगांवर उठत नाही. आणि औषध लागू पडत नाही म्हणणारे बरेच लोक अंदाजानं कमी पाजतात. डोस वजनावर असतो, गटातल्या सगळ्यात भारी मेंढीचा धरा, औषध जिभेच्या मागं सोडा आणि मुंडी जास्त वर करू नका, फुफ्फुसात जातं. १०-१४ दिवसांनी परत लेंडी तपासून घ्या, बहुतेक सरकारी दवाखान्यात होते. अंडी तेवढीच दिसली तर औषधाचा गटच बदला, म्हणजे जंत वेगळ्या तऱ्हेनं मारणारं औषध घ्या, नुसती कंपनी बदलून काय होणार? आणि हो, अल्बेंडाझोल नव्या गाभणीला नको.

वाड्यावरचा:
ते गाभणीचं आमच्याकडं कुणीच सांगत नाही, दुकानदार तर नाहीच. पण सरसकट पाजणं मी सोडणार नाही, निदान आखाडात तरी.

माणदेशी_मेंढका:
मग दहातल्या एक-दोन धट्ट्याकट्ट्या तरी सोडा बिनऔषधाच्या. आणि मेंढा ठेवताना ज्या मेंढीला कधी औषध लागत नाही तिच्याच पोटचा ठेवा. फलटणच्या निंबकर संस्थेत दख्खनी मेंढीचा बंगालच्या गॅरोल जातीशी संकर केला त्या कोकरांत जंत कमी निघालेत, म्हणजे हे रक्तातनं उतरतं.

वाड्यावरचा:
मेंढ्याचं पटलं. पापणीचं बघू, आधी पाऊस उघडू दे.