रोटरी इंजिनाच्या विमानाला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड ओतीव असावा की नळ्यांचा?

मूळ धागा (शिवाजी उद्यमनगर, फॅब्रिकेशन):
घरी बांधल्या जात असलेल्या एका दोन आसनी विमानात माझदाचे १३बी, म्हणजे पिस्टनऐवजी दोन फिरत्या त्रिकोणी रोटरांचे १३०८ सीसी इंजिन बसणार आहे. कोल्हापुरात ओतकामाचा शब्द मोठा असला, तरी माझे मत नळ्यांच्या वेल्डेड मॅनिफोल्डच्या (इंजिनाचा जळका वायू बाहेर नेणाऱ्या भागाच्या) बाजूने आहे. ओतीव भिंत चार-पाच मि.मी. जाड लागते, तर नळी १.६ मि.मी.मध्ये भागते, विमानाच्या नाकावर हा फरक फार जड पडतो. स्टेनलेस पोलाद मात्र ३२१ जातीचे घ्यावे. नेहमीचे ३०४ बराच काळ ४२५ ते ८१५ अंश सेल्सिअसमध्ये तापत राहिले, की त्यातील क्रोमियम कार्बनला चिकटून कणांच्या कडांवर गोळा होते व तेथे गंजाला वाट मिळते. ३२१ मधील टायटॅनियम ते रोखते.

प्रतिसाद (शिरोली, फाउंड्री):
वजनाचा मुद्दा मान्य आहे, पण आपण तड्याविषयी काहीच लिहिले नाही. या इंजिनाला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नसतो. पोर्ट, म्हणजे वायू बाहेर पडण्याचे तोंड, एकदम उघडते आणि वायूचा तडाखा थेट नळीवर बसतो. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या अशाच एका नळीची शिवण बाहेरून सुबक होती. कापून पाहिली, तर आतून जळक्या साखरेसारखी काळी, खडबडीत खपली होती आणि केसाएवढा तडा तिथूनच निघाला होता. काउलिंगच्या (इंजिनावरच्या आवरणाच्या) आत इंधनाच्या नळीजवळ असे घडले, तर आग लागेल. वायू केबिनमध्ये शिरला, तर कार्बन मोनॉक्साइडचा वासही येणार नाही. सिलिकॉन-मॉलिब्डेनमच्या एसजी आयर्नला, म्हणजे गोलाकार ग्रॅफाइटच्या ओतीव बिडाला, शिवणच नसते.

मूळ लेखक:
ती खपली नळीचा दोष नव्हे, आतून हवा दूर ठेवणारा आर्गॉन वायू न सोडता केलेल्या वेल्डिंगचा आहे. आपण सुचवलेले बीड साधारण ८५० अंशांपर्यंत टिकते, आणि या इंजिनाचा वायू ९०० अंशांच्या पुढे जातो. तडा जातो तो नळी जखडून ठेवल्यामुळे. ४०० मि.मी.ची नळी तेवढी तापली, की सुमारे सहा-सात मि.मी. वाढते. तिला सरकता सांधा द्यावा आणि आधार इंजिनावरूनच घ्यावा, विमानाच्या सांगाड्यावरून मुळीच नाही.

प्रतिसाद (गोकुळ शिरगाव, मशीनशॉप):
इंजिन माझदाचेच २००३ नंतरचे रेनेसिस असेल, तर हे मोजमाप लागू होणार नाही. त्यात पोर्ट बाजूच्या प्लेटमध्ये असून मधल्या पोर्टातून दोन्ही रोटरांचा वायू बाहेर पडतो. त्या मधल्या नळीला ३२१ सुद्धा मऊ पडेल. खर्च झेपत असेल, तर तेवढा तुकडा इन्कोनेल ६२५ या निकेलच्या उष्णतारोधक मिश्रधातूचा करावा.

प्रतिसाद (शिरोली, फाउंड्री):
निकेलयुक्त बीड ८५० च्याही पुढे चालते, त्यामुळे त्या आकड्यावर मी माघार घेत नाही. शिवाय सरकता सांधा गार असताना थोडा गळतोच. तो काउलिंगच्या बाहेर येईल असा आराखडा आपण दाखवलात, तर मी नळीला हरकत घेणार नाही.