मदत हवी आहे: साडी काळी करायला गेले, वांगी रंगाची झाली!

लगीनघाई
संक्रांत चार दिवसांवर आलीये. लग्नानंतरची पहिली, म्हणून आईची मोतिया साडी काळी रंगवून नेसायचं ठरवलं. पुडी आणली, पाणी उकळलं, मीठ घातलं, पाऊण तास ढवळलं. ओली होती तोवर काळीकुट्ट. वाळल्यावर बघते तर वांग्याच्या सालीसारखी, पदर तर चक्क राखाडी. अजून एक पुडी घालून परत उकळू का? लवकर सांगा प्लीज.

कपडेपट
कापड कोणतं? पुड्या किती? पाकिटावर काय लिहिलंय?

लगीनघाई
साडी हो, साधी. एक पुडी. पाकीट फेकलं.

कपडेपट
'साधी' हे कापडाचं नाव नाही, ताई. सुती, रेशमी की पॉलिएस्टर? साडी अर्ध्या किलोच्या आसपास भरते, ती एका पुडीत काळी होत नाही. काळ्याला इतर रंगांच्या दुप्पट-तिप्पट पूड लागते. आधी खळ काढली होती का?

लगीनघाई
खळ काढायची असते??

मीनलमावशी
व्हिनेगर घाल गं. मी लोकरीच्या शालीला घातलं होतं, मस्त बसला रंग.

कपडेपट
मावशी, ते लोकरीला नि रेशमाला. सुतीला व्हिनेगरचा उपयोग नाही.

मीनलमावशी
आमच्या शालीला आठ वर्षं झाली. अजून तश्शी आहे.

हिरडाप्रेमी
रासायनिक रंग हवेतच कशाला? कापड हिरड्याच्या पाण्यात भिजवून वाळवा. गंजके खिळे आणि गूळ पाण्यात पंधरा दिवस मुरवा, मग त्यात बुडवा. डोळ्यांदेखत काळं होतं. राजस्थानात बगरूचे छिपे काळी रेघ अशीच छापतात.

लगीनघाई
पंधरा दिवस? मग काय रथसप्तमीला नेसू?

हिरडाप्रेमी
चालेल की. हळदीकुंकू तोवर असतंच.

कपडेपट
आणि लोखंडाने सूत हळूहळू कुजतं, ते नाही सांगितलंत. आईची साडी आहे ती.

इचलकरंजीकर
भांडण नंतर करा. ताई, पदराच्या टोकाचा एक उभा आणि एक आडवा धागा ओढून काढा. चिमट्यात धरून वेगवेगळे जाळा. कागदासारखा जळून राख झाली तर सूत, केस जळल्याचा वास आला तर रेशीम, वितळून गोळी झाली तर पॉलिएस्टर.

लगीनघाई
आत्ता केलं. उभ्याची राख झाली, बोटात धरली तर भुरभुरली. आडव्याचा मोहरीपेक्षा बारीक काळा मणी झाला, नखाने फुटत नाही. आई तर म्हणत होती शुद्ध कॉटन!

इचलकरंजीकर
ताणा म्हणजे उभे धागे सुती, बाणा म्हणजे आडवे पॉलिएस्टर. पुडीतला रंग फक्त ताण्याने धरला. तुमच्या पदरात बाणा दाट ठोकलेला असणार, म्हणून तिथे राखाडी. पॉलिएस्टरला डिस्पर्स नावाचा वेगळाच रंग लागतो, तोही कारखान्यात दाबाखाली १३० अंशांला. तुमचं पातेलं १०० च्या वर जात नाही. दहा पुड्या घाला, बाणा ढिम्म हलणार नाही.

जुगाडू
प्रेशर कुकर! १२० पर्यंत जातो.

कपडेपट
साडेपाच मीटर साडी कोंबली की वाफेची वाट बुजेल. आणि त्यात परत वरणभात लावणार का? ताई, हे अजिबात करू नका.

अवांतरराव
अवांतर: १८५६ मध्ये विल्यम पर्किन क्विनीन करायला गेला आणि हाती जांभळा रंग लागला. वय १८. पुढे त्याचाच कारखाना काढला त्याने.

लगीनघाई
त्याला संक्रांतीला सासूबाईंसमोर उभं राहायचं नव्हतं.

इचलकरंजीकर
साडी उन्हात धरून पदर हलवून बघा. ताणा गडद, बाणा मोतिया, म्हणजे धूपछाव व्हायला हवी. यासाठी लोक मुद्दाम पैसे मोजतात. फक्त पाणी नितळ येईपर्यंत गार पाण्यात खळबळा आणि आत परकर गडद घाला. घामाने रंग उतरेल.

लगीनघाई
गच्चीवर जाऊन बघितली. हलवली की खरंच दोन रंग दिसतात! पण सासूबाईंनी 'काळीच हवी' म्हणून बजावलंय. संध्याकाळी बाजारात जाते. ही हळदीकुंकवाला ठेवते.

मीनलमावशी
अगं, पण हलव्याचे दागिने घेतलेस का? घरी हलवा करणार असशील तर पाक चमच्याचमच्यानेच घाल, नाहीतर काटा येत नाही.