गॅलरीचे निम्मे: हक्काचे की फुकटचे?

मोकळीभिंत
काम आपलं, रंग-कॅनव्हास आपला, आणि विक्रीतले ५० टक्के गॅलरीचे. संग्राहकापर्यंत पोचायला दुसरी वाट नव्हती तेव्हाचा हा हिशेब आहे. आता फोटो, माप, किंमत सगळं थेट त्याच्या फोनवर जातं. नव्या चित्रकाराने पहिली पाच-सात वर्षं गॅलरीच्या दारात उभंच राहू नये. चार-पाच जणांनी रिकामी जागा धरावी आणि प्रदर्शन स्वतः लावावं. १९८८ मध्ये गोल्डस्मिथ्स या लंडनच्या कॉलेजातल्या कलेच्या विद्यार्थ्यांनी तिथल्या गोदी भागातल्या एका रिकाम्या इमारतीत 'फ्रीझ' हे प्रदर्शन असंच लावलं. त्यांच्यातला डेमियन हर्स्ट २००८ मध्ये गॅलऱ्यांना वगळून नवंकोरं काम थेट सदबीजच्या लिलावात घेऊन गेला. दोन दिवसांत ११ कोटी पौंडांच्या वर विक्री झाली. मधला माणूस लागतोच कशाला?

गेरू
दोन्ही उदाहरणं तुमच्याच विरुद्ध जातात. 'फ्रीझ'च्या मुलांनी नुसते खिळे ठोकून वाट पाहिली नव्हती. प्रायोजक मिळवले, नीट छापलेला कॅटलॉग काढला, संग्रहालयांतली माणसं नावानिशी बोलावून आणली. म्हणजे गॅलरीचंच काम केलं, फक्त बिनपगारी. आणि २००८ च्या हर्स्टमागे व्हाइट क्यूब नि गगोसियन या गॅलऱ्यांनी वर्षानुवर्षं बांधलेलं गिऱ्हाईक होतं. वेल मांडवावर चढल्यावर मांडव कशाला म्हणायचा हा प्रकार. त्या लिलावानंतर त्याच्या किमती घसरल्या, तेही सांगा.

चांगली गॅलरी निम्मे घेते ते भिंतीचं भाडं म्हणून नाही, कुणाला विकायचं नाही हे ती ठरवते म्हणून. वर्षभरात लिलावात काढणाऱ्याच्या हाती काम गेलं आणि तिथे बोली लागली नाही, तर ती नोंद सगळ्यांना दिसते आणि वर्षानुवर्षं पुसली जात नाही. फोनवरून विकताना समोरचा कोण, हे तुम्ही कसं ओळखणार?

मोकळीभिंत
गॅलरीमार्फत गेलेलं काम तरी कुठे सुरक्षित असतं? चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्गचं 'थॉ' हे काम संग्राहक रॉबर्ट स्कलने १९५८ मध्ये ९०० डॉलरला घेतलं आणि १९७३ मध्ये ८५,००० ला लिलावात विकलं. चित्रकाराच्या हाती छदाम नाही.

हिशेबनीस
५० हा आकडा बाजूला ठेवा. भांडण असतं ते ५० कशाचे, यावर.

समजा किंमत १०० आणि शिल्पाच्या ओतकामाचा किंवा फ्रेमचा खर्च २०, तोही कलाकाराने केलेला. सरळ वाटणीत हातात ५० येतात, खर्च वजा जाता ३० उरतात. तेच 'आधी खर्च वजा, मग वाटणी' असं लिहून घेतलं तर २० परत मिळतात, उरलेल्या ८० चे ४०-४० होतात. म्हणजे निव्वळ ४०. टक्केवारी तीच, कमाई एकतृतीयांशाने जास्त. शिल्पकार आणि मोठे प्रिंट काढणारे छायाचित्रकार इथेच सर्वांत जास्त बुडतात.

सवलतीचंही तसंच. गॅलरी नेहमीच्या गिऱ्हाइकाला १० टक्के सोडते. समान सोसायचं ठरलं असेल तर ४५-४५. काहीच ठरलं नसेल तर सगळी सवलत कलाकाराच्या वाट्यातून कापून त्याला ४० देऊन मोकळे होणारेही आहेत. म्हणून 'विचारल्याशिवाय १० टक्क्यांच्या वर सवलत नाही, आणि ती निम्मी-निम्मी' हे आधीच लिहून घ्यावं.

गेरू
हिशेबनीस, हे मान्य. त्यात माझी भर: काम हवाली करताना यादीवर सही हवीच. प्रत्येक कामाचं नाव, वर्ष, माध्यम, माप, विक्री किंमत, परत करायची तारीख, आणि 'पूर्ण पैसे मिळेपर्यंत मालकी कलाकाराची' हे वाक्य. गॅलरी दिवाळखोरीत गेली की धनको तिथल्या सगळ्या मालावर हात ठेवायला बघतात. ते काम तुमचं आहे हे कागदानेच सिद्ध होतं. पैसे ३० दिवसांत, हेही त्यातच.

आणि फोटो. पुढून एक पुरत नाही. मागची बाजू, सही, आणि चारही कोपरे बाजूने तिरका उजेड पाडून. कॅनव्हास आपटतो तो कोपऱ्यावर, आणि दबलेला कोपरा समोरच्या उजेडात दिसतच नाही. परत आल्यावर 'हे आधीचंच होतं' म्हणायला जागा राहू नये.

मोकळीभिंत
एवढे कागद करायचे तर विक्रीही मीच करेन की! असं कुणाचं होऊ नये म्हणून राउशेनबर्गच्या त्या लिलावाच्याही आधी, १९७१ मध्ये, प्रदर्शनं भरवणारा सेथ सीगेलॉब आणि वकील रॉबर्ट प्रोजान्स्की यांनी करारच छापून वाटला: काम पुन्हा विकलं की वाढलेल्या किमतीतले १५ टक्के कलाकाराला. कलाकार हान्स हाके तो वापरत आला. गॅलऱ्यांनी उचलून धरला का? नाही.

हिशेबनीस
नाही, कारण गिऱ्हाईक बिचकतं. असा करार नसलेलं काम शेजारी टांगलेलं असेल तर ते तिकडे वळतं. एकट्या कलाकाराच्या कागदाची ताकद तेवढीच. युरोपीय संघात कायदा आहे म्हणून पुनर्विक्रीचा वाटा मिळतो: ५०,००० युरोपर्यंत साधारण ४ टक्के, पुढे उतरता, एका विक्रीमागे जास्तीत जास्त १२,५००.

थेट विकणाऱ्यांची मोठी चूक मात्र किंमत लावण्यात होते. क्षेत्रफळावर लावली तर १२०×१६० सेंमीचं चित्र ३०×४० च्या सोळापट होतं, मोठी कामं अडकून पडतात. उंची अधिक रुंदी गुणिले ठरावीक आकडा केलं तर चौपट. हा आकडा हळूहळू वाढवता येतो, कमी करता येत नाही. आधी जास्त किमतीला घेतलेला माणूस चिडतो.

गेरू
आणि स्टुडिओतली किंमत गॅलरीपेक्षा कमी ठेवू नका, हे मोकळीभिंत यांना पटणार नाही. ३० टक्के स्वस्त मिळतंय कळलं की गॅलरीचं गिऱ्हाईक थेट तुमच्या दारात येतं. गॅलरी पुढचं प्रदर्शन देत नाही.

मोकळीभिंत
पटलं. किंमत एकच ठेवतो. पण स्टुडिओत स्वतः शोधलेल्या गिऱ्हाइकावर गॅलरीला ५० नाही, फार तर २० देणार, आणि ते करारात लिहूनच सही करणार.

गेरू
२० वर सही करणारी गॅलरी तुमच्यासाठी कलाजत्रेत (आर्ट फेअरमध्ये) बूथ घेणार नाही. तेवढं धरून चला.