मदत हवी आहे : एकाच माणसाचे दोन स्कोअर, बँक कोणता धरते?

नमस्कार मंडळी. नागपूरच्या बेसा भागात फ्लॅट बघितला आहे, गृहकर्जाची फाइल लावायची आहे. सिबिलवर माझा क्रेडिट स्कोअर (कर्जफेडीच्या नोंदींवरून दिलेले गुण) ७६८ दिसतो, दुसऱ्या एका कंपनीच्या रिपोर्टमध्ये ७०४. माणूस तोच, पॅन तोच!

थोडं वाचलं. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्या ३०० ते ९०० मध्येच स्कोअर देतात, पण हिशोबाची पद्धत ज्याची त्याची. बँकांनी चौघींनाही माहिती द्यायची असते. २०२५ पासून निदान दर पंधरवड्याला. तरी सगळीकडे नोंद एकाच दिवशी चढेल असं नाही. इथवर समजलं.

पण दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून ओळ न ओळ ताडली, तर कमी स्कोअरवाल्यात जुनं गाडीचं कर्ज अजून 'चालू' दिसतंय. ते केव्हाच फिटलं, एनओसी (कर्ज फिटल्याचं पत्र) कपाटात आहे. चौसष्ट गुणांचा फरक एवढ्यानेच पडतो का हो?

बँकेतले साहेब म्हणतात, "सिबिल चांगला आहे न, मग कायले टेन्शन घेता?" पण मंजुरीच्या वेळी त्यांनी दुसराच रिपोर्ट काढला तर?

रिपोर्टमधल्या चुकीची तक्रार ३० दिवसांत न सुटल्यास दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे म्हणतात. कोणाला खरंच मिळाली का? आणि दुरुस्ती आधी कर्ज देणाऱ्याकडे मागायची की थेट रिपोर्टवाल्या कंपनीकडे? नागपुरात नुकतंच गृहकर्ज घेतलेल्यांनी सांगा, तुमच्या बँकेने कोणता रिपोर्ट काढला होता?

'स्कोअर वाढवून देतो'वाल्या एजंटांनी कृपया मेसेज करू नये.