उत्तर: राबतो एक, पिवळी जर्सी दुसऱ्याला?

मंडळी, नमस्कार.
लेकीच्या नादाने या जुलैत तीन आठवडे टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत पाहिली. डोंगर बघून डोळे निवले, पण एक गोष्ट काही गळी उतरत नाही. आठ जणांचा संघ. त्यातले सात जण पुढे राहून वारा अंगावर घेणार, म्होरक्या त्यांच्या आडोशाने मजेत येणार आणि शेवटच्या चार किलोमीटरला उठून पळणार. आणि एकूण वेळ सगळ्यांत कमी लागलेल्याची पिवळी जर्सी याला! मग शर्यत जिंकली कोणी?
– काका

> मग शर्यत जिंकली कोणी?

काका, संघाने. जर्सी एकच असते म्हणून ती एकाच्याच अंगात चढते.

त्या सात जणांना फ्रेंचमध्ये 'दोमेस्तिक' म्हणतात, म्हणजे घरगडी. मागे गाडीपर्यंत जाऊन पाण्याच्या बाटल्या जर्सीत कोंबून आणायच्या, म्होरक्याचं चाक गेलं की आपलं काढून द्यायचं आणि मुख्य म्हणजे वारा तोडायचा. सपाटीवर पन्नासच्या वेगाने जाताना बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते. पुढच्याच्या चाकाला चिकटलात तर त्यातली बरीच वाचते. चढावर वेग उतरतो, तसा आडोशाचा फायदाही उतरतो. म्हणून तुमचं ते 'उठून पळणं' बहुतेकदा चढावरच होतं. तेवढा भाग तरी त्याच्या स्वतःच्या पायांचा धरा.

जमलं तर २०२२ चा अकरावा टप्पा शोधून बघाच. पिवळी जर्सी पोगाचारकडे. विंगेगोर आणि रोग्लिच एका संघाचे. रोग्लिचचा खांदा पाचव्या टप्प्यात पडून निखळलेला. गालिबिए घाटाच्या वाटेवर या दोघांनी पाळीपाळीने मुसंड्या मारल्या. हा सुटला की पोगाचार याच्या मागे, तो सुटला की त्याच्या मागे. एकटा दोघांना पुरून उरतोय असंच वाटत होतं. त्याची किंमत वसूल झाली ती नंतर, कोल द्यू ग्रानों या घाटावर, २,४१३ मीटर उंचीवर. विंगेगोर सुटला आणि पोगाचारचे पायच गेले. २ मिनिटं ५१ सेकंद! शर्यत संपली तेव्हा पॅरिसला दोघांतलं अंतर होतं २ मिनिटं ४३ सेकंद. म्हणजे शर्यत फिरली ती त्या एका दुपारी. रोग्लिच त्या दिवशी दहा मिनिटांहून जास्त मागे पोचला आणि पुढे काही दिवसांत शर्यतच सोडून गेला.

आता सांगा, ते २ मिनिटं ५१ सेकंद कोणाचे?

(उत्तर देताना जुन्या सगळ्या मेल खाली चिकटवू नका रे, फोनवर सरकवून सरकवून अंगठा दुखतो.)
– भावजी

भावजी, रोग्लिचची गोष्ट गोड लागते, कारण म्होरक्या जिंकला आणि याचंही आधी पुष्कळ नाव झालं होतं. काकांना १९३४ ची सांगा की.

वीस वर्षांचा रेने व्हिएतो त्या वर्षी डोंगरांवर भल्याभल्यांना मागे टाकत होता. पिरेनीजमध्ये एका उतारावर त्याच्या संघाचा म्होरक्या आंतोनां मान्य पडला आणि चाक मोडलं. पोराने आपलं चाक काढून दिलं आणि दुसरं येईपर्यंत रस्त्याकडेच्या कठड्यावर रडत बसला. तो फोटो अजून फिरतो. दुसऱ्या दिवशी तर त्याहून वाईट. हा पुढे निघून गेलेला, मागे मान्य पुन्हा अडकला. कळल्यावर हा उलटा फिरला, चढ चढून मागे गेला आणि अख्खी सायकलच देऊन टाकली. मान्य जिंकला. व्हिएतो पाचवा. याला संघभावना म्हणा हवं तर, मला तो फोटो बघवत नाही.
– वहिनी

वहिनी, खरंय. फक्त एक पुस्ती जोडतो. टूरमध्ये घड्याळाविरुद्धची पहिली एकट्याची शर्यत त्याच वर्षी झाली, आणि ती मान्यने जिंकली. तिथे ना कोणाचं चाक, ना आडोसा. तेव्हा व्हिएतो पॅरिसला पहिला आलाच असता असं मी तरी छातीठोकपणे म्हणणार नाही.
– भावजी

बरं, तक्रार निम्मी मागे घेतो. ग्रानोंचा टप्पा काल रात्री पाहिला, दोनदा. रोग्लिचवर आता माझा राग नाही, पण निम्मी तक्रार राहू दे.

वहिनी, तो कठड्यावरचा फोटो लेकीला दाखवला. बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "बाबा, याला चाक कोणी आणून दिलं?"
– काका