लंगर एक, स्मशानं दोन: पंजाबातल्या शीख गावांत जात टिकते कशावर?

गोदाकाठ:
नांदेडच्या लंगरात पंगतीला बसलेल्या माणसाला कुणी जात विचारत नाही. गुरू ग्रंथसाहिबात आपल्या नामदेवांची ६१ पदं आहेत, कबीर आणि रविदास आहेत. आणि तरी पंजाबात मजहबी आणि रविदासिया या दलित जातींच्या वस्त्यांचे गुरुद्वारे वेगळे, काही गावांत तर स्मशानंही वेगळी, असं सतत वाचनात येतं. माझे प्रश्न दोन. धर्माचा नियम एवढा स्वच्छ असताना हे चालतं कसं? आणि पंचायतीच्या जमिनीतला तिसरा हिस्सा दलितांसाठी राखीव आहे म्हणतात, मग त्यावर मारामाऱ्या कशासाठी? आपल्याकडच्या गायरानासारखंच प्रकरण आहे का? 'समाजाची मानसिकता' असलं उत्तर नको. यंत्रणा कशी चालते ते कुणी सांगेल का?

शामलात:
दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचं बरंचसं उत्तर त्यातच आहे.

गायरानाशी तुलना फार पुढे जात नाही. आपल्याकडे १४ एप्रिल १९९० पूर्वीची गायरानावरची अतिक्रमणं नियमित करण्याचा मार्ग होता, म्हणजे कसणाऱ्याच्या नावावर काहीतरी लागत होतं. पंजाबात १९६१ च्या ग्रामसामायिक जमीन कायद्याखाली शामलात, म्हणजे गावाच्या सामायिक मालकीची जमीन, पंचायतीचीच राहते. त्यातल्या कसण्याजोग्या जमिनीचा एक तृतीयांश भाग अनुसूचित जातींसाठी राखीव आहे, पण राखीव आहे तो फक्त लिलावात बोली लावण्याचा हक्क. जमीन साधारण वर्षभरासाठी खंडाने मिळते. राज्यभरात हा तिसरा हिस्सा ५०,००० एकरांच्या आसपास भरतो.

क्रम असा. भात लावणीच्या आधी, उन्हाळ्यात, गट विकास व पंचायत अधिकारी तारीख लावतो, गावात दवंडी होते, मूळ दर जाहीर होतो आणि राखीव तुकड्यांवर फक्त अनुसूचित जातीच्या माणसाने बोली लावायची. रक्कम आगाऊ भरावी लागते. सगळं बिघडतं ते इथे. उदाहरणादाखल पाच एकरांचा तुकडा एकरी २५,००० ला सुटला असं धरा: सव्वा लाख रुपये पीक हाती येण्याआधी मोजायचे. मजुरी करणाऱ्या एकट्या कुटुंबाकडे ते नसतात. ते असतात जाट जमीनदाराकडे. तो आपल्या सालगड्याला, ज्याला तिकडे सीरी म्हणतात, पैसे देऊन उभा करतो. कागदावर नाव दलिताचं, नांगर मालकाचा. वर बोली मुद्दाम चढवली की खरे इच्छुक आपोआप गळतात. एवढं करूनही तुकडा मिळालाच तर तो पाण्याच्या सोयीपासून लांबचा असू शकतो.

यावर निघालेला तोडगा म्हणजे सामूहिक बोली. संगरूर भागात २०१४ पासून जमीन प्राप्ती संघर्ष समितीने तो लावून धरला; बलद कलां हे त्यातलं सर्वांत माहीत असलेलं गाव. वस्तीतली कुटुंबं वर्गणी काढतात, एकमेकांविरुद्ध बोली न लावण्याचं ठरवतात, कमी दराची मागणी करतात आणि मिळालेली जमीन एकत्र कसतात. गहू-भाताबरोबर काही भाग चाऱ्यासाठी ठेवतात. हा चारा फार महत्त्वाचा आहे. म्हैस पाळणाऱ्या दलित बाईला एरवी जाटाच्या बांधावर गवत कापायला जावं लागतं आणि तिथे शिवीगाळ, अंगलट येणं, सगळं सोसावं लागतं. बांधावर जायची गरज संपली की मालकाचा धाकही कमी होतो. म्हणूनच विरोध एवढा तीव्र असतो. २०१६ मध्ये झलूर गावात या वादातून दलित वस्तीवर हल्ला झाला.

आता मुळाशी जाऊ. २०११ च्या जनगणनेनुसार पंजाबच्या लोकसंख्येत अनुसूचित जाती जवळजवळ ३२ टक्के आहेत, देशातल्या राज्यांत सर्वाधिक. शेतजमिनीत त्यांचा वाटा साडेतीन टक्क्यांच्या आसपास. १९०० च्या जमीन हस्तांतरण कायद्याने 'शेतकरी जमाती' ठरवून दिल्या होत्या आणि दलित जाती त्या यादीत नव्हत्या. शेतजमीन विकत घेण्याची वाटच बंद होती, पैसे असोत वा नसोत.

पंगत_संगत:
शामलात, जमिनीचं पटतं, पण सगळं जमिनीवर ढकलू नका. धर्मसंस्थेच्या आतही एक ठळक जागा आहे आणि ती म्हणजे गुरुद्वाऱ्याची समिती.

नियम खरंच स्वच्छ आहे. शीख रहत मर्यादा, म्हणजे शिखांची अधिकृत आचारसंहिता, सांगते की लग्न ठरवताना जात पाहू नये. १२ ऑक्टोबर १९२० ला अमृतसरमध्ये नव्याने अमृत घेतलेल्या, म्हणजे शीख दीक्षा घेतलेल्या, दलितांचा प्रसाद पुजाऱ्यांनी नाकारला, तेव्हा ग्रंथसाहिब उघडून कौल घेतला गेला आणि तो दलितांच्या बाजूने लागला. पुढच्याच महिन्यात शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समिती (पुढे नुसती शिरोमणी समिती) उभी राहिली. म्हणजे गुरुद्वारा सुधारणेच्या चळवळीच्या तोंडाशीच हा प्रश्न आहे.

पण १९२५ च्या गुरुद्वारा कायद्याखाली शिरोमणी समितीकडे आले ते मुख्यतः ऐतिहासिक गुरुद्वारे. गावातला साधा गुरुद्वारा स्थानिक समिती चालवते, आणि समितीवर बसतात गावातले जमीनवाले. दर्शनाला, लंगराला, भांडी घासायला कुणी अडवत नाही. गोलकीचे, म्हणजे दानपेटीचे, पैसे कुठे खर्चायचे हे ठरवताना मात्र दरवाजा बंद. जालंधरजवळच्या तल्हनमध्ये २००३ साली नेमकं हेच झालं. तिथल्या शहीद बाबा निहाल सिंग यांच्या स्थानाला मोठं उत्पन्न होतं, आदधर्मी या दलित समाजाने समितीत प्रतिनिधी मागितले, तर जाटांनी त्यांच्यावर बहिष्कार टाकला. जूनमध्ये दंगल पेटली. तडजोड झाली ती समितीत दलित सदस्य घेण्यावर. अशी जागा मिळत नाही तिथे वस्ती आपला गुरुद्वारा बांधते. म्हणून वेगळा गुरुद्वारा दिसला की दलितांनी फूट पाडली असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. आधी समितीतल्या नावांची यादी वाचा.

आणखी एक. इथे ब्राह्मण शोधू नका. वर्चस्व कसणाऱ्या जाटांचं आहे, त्यामुळे विटाळाची भाषा कमी ऐकू येते आणि 'आमच्या शेतात पाऊल टाकायचं नाही' ही जास्त.

गोदाकाठ:
दोघांचे आभार. बहिष्कार म्हणजे प्रत्यक्षात काय करतात? आणि शिखांना ॲट्रॉसिटी कायदा लागू होतो का? धर्मांतरामुळे तो जातो असं इथे अनेकांना वाटतं.

कलमदान:
लागू होतो. हा कायदा अनुसूचित जातींसाठी आहे, आणि त्या ठरवणाऱ्या १९५० च्या आदेशात शिखांमधल्या चारच जाती होत्या: मजहबी, रामदासिया, कबीरपंथी, सिकलीगर. १९५६ मध्ये बाकीच्या आल्या. (नवबौद्धांना यासाठी १९९० उजाडलं, हे आपल्याकडच्या वाचकांना ठाऊक असेलच.) धर्म समतेचा असला तरी जात सुटलेली नाही, हे तेव्हाच्या शीख पुढाऱ्यांनी स्वतः मागणी करून कबूल केलं होतं. आज धर्माचा दाखला देऊन जात नाकारणाऱ्यांनी हे विसरू नये.

बहिष्काराची पद्धत ठरलेली असते. गुरुद्वाऱ्याच्या भोंग्यावरून घोषणा होते: यांना मजुरीला बोलवू नका, दूध देऊ-घेऊ नका, दुकानातून माल देऊ नका, शेताच्या वाटेने जाऊ देऊ नका, मोडेल त्याला दंड. जून २०२० मध्ये बिहार-उत्तर प्रदेशचे मजूर टाळेबंदीत परत गेले आणि स्थानिक दलितांनी भात लावणीचा दर वाढवून मागितला. तेव्हा काही पंचायतींनी दराला मर्यादा घालणारे ठरावच केले.

२०१५ च्या दुरुस्तीनंतर ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३(१)(झेडसी) खाली सामाजिक वा आर्थिक बहिष्कार घालणं आणि तशी धमकी देणं, दोन्ही गुन्हे आहेत. अशी प्रकरणं ढिली पडतात ती पुराव्यात. 'आमच्याशी कुणी बोलत नाही' एवढ्यावर काही उभं राहत नाही. भोंग्यावरची घोषणा मोबाइलवर ध्वनिमुद्रित हवी, तारीख-वेळेसह. ठरावाची प्रत हवी. ज्या दुकानदाराने माल नाकारला त्याचं नाव आणि दिवस लिहून ठेवलेला हवा. तक्रार लेखी द्या, पोच घ्या. ठाण्यात नोंदवून घेत नसतील तर तीच प्रत जिल्हा पोलीस प्रमुखांना टपालाने पाठवा.

पंगत_संगत:
परदेशाबद्दल थोडक्यात जोडतो. जमीन मागे राहिली तरी लग्न आणि समिती सोबत गेली. ब्रिटनमध्ये रामगढियांचे (सुतार-लोहार कारागीर शीख) आणि रविदासियांचे गुरुद्वारे पूर्वीपासून वेगळे आहेत. २००९ मध्ये व्हिएन्नात रविदासिया मंदिरात संत रामानंद यांची हत्या झाली आणि २०१० मध्ये त्यांच्या डेरा सचखंड बल्लां या रविदासिया पंथकेंद्राने वेगळा रविदासिया धर्म जाहीर केला, स्वतंत्र ग्रंथासह. ज्या ग्रंथात रविदासांची वाणी आहे, त्याच्यापासूनच दूर जाण्याची वेळ लोकांवर आली. याची जबाबदारी समित्यांनी घ्यायला हवी.

शामलात:
गोदाकाठ, एखाद्या गावाचा अभ्यास करणार असाल तर पंचायतीकडून तीन वर्षांच्या राखीव लिलावाच्या नोंदी मागवा आणि बोली जिंकणाऱ्यांची नावं घेऊन वस्तीत विचारा की हा माणूस कुणाकडे कामाला आहे. मग शेतावर जाऊन पीक कोण काढतंय ते पाहा. सामूहिक बोलीचं गाव असेल तर पावती कुणाच्या नावावर आहे आणि वर्गणीदारांची सह्यांची यादी आहे का, तेही तपासा. यादी नसेल तर ज्याच्या एकट्याच्या नावावर जमीन आहे त्याला पुढच्या वर्षी फोडणं जमीनदाराला सोपं जातं.